चौथरा नसलेलं घर

क्लबाच्या टेबलावरच्या छोट्या आगगाडीला तीन बोगदे होते, दोन पूल होते, खऱ्या पाण्याचा एक धबधबा होता आणि एवढं सगळं झाल्यावर पैसे संपले होते. ते संपले नेमके डोंगरमाथ्यावर, जिथे रूळ संपतो त्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्यात लाकूडतोडीची छावणी व्हायची होती. छावणीच्या घरांचे तयार संच बाजारात मिळतात, नाही असं नाही. भाग सुटे करायचे, चिकटवायचे, रंग द्यायचा, झालं. पण एका भटारखान्याच्या संचाची किंमत ऐकून क्लबाचे चिटणीस खुर्चीत बसले ते पाच मिनिटं उठले नाहीत. चिटणिसांना सगळे गार्डसाहेब म्हणत. आयुष्यभर ते विमा कचेरीत कारकून होते. आगगाडीशी त्यांचा संबंध गळ्यातल्या शिट्टीपुरता.

"झाडं लावून टाकू," गार्डसाहेब अखेर म्हणाले. "जंगल म्हटलं की जंगल. कोण विचारतंय?"

"छावणी मी करतो," मागच्या बाकावरून आवाज आला.

सगळ्यांनी माना वळवल्या. बोलले होते मास्तर. मास्तर म्हणजे शिंपी. अठ्ठेचाळीस वर्षं कपडे बेतून झाल्यावर दुकान विकून मोकळे झालेले, वय एकोणसत्तर. चार वर्षांपूर्वी ते क्लबात आले, आणि चार वर्षांत टेबलाखालच्या झालरीखेरीज त्यांनी कशाला हात लावला नव्हता.

"कशाची करणार? कापडाची?" कोणीतरी विचारलं. हशा पिकला.

"पुठ्ठ्याची," मास्तर म्हणाले. "खर्च डिंकाचा. तो घरात आहे."

फुकट ते पौष्टिक. ठराव एकमताने मंजूर झाला. प्रदर्शनाला सहा आठवडे होते.

चार वर्षं मास्तर गप्प बसून होते, ते या कोपऱ्यासाठी, हे क्लबात कोणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी ते आले होते नातेवाइकाला टपाल द्यायला, आणि भिंतीवर लावलेल्या नकाशात, वरच्या उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने लिहिलेला शब्द त्यांनी वाचला होता: छावणी. टपाल द्यायचं राहिलं. वर्गणी भरून ते घरी गेले.

मास्तरांचा जन्म अशाच छावणीतला. वडील करवतींना धार लावत. वडील धरून आई, थोरली बहीण आणि मास्तर, अशी चार माणसं. मास्तर पाच वर्षांचे असताना आई गेली आणि त्याच सुमारास छावणी उठली. फोटो एकही नाही. त्या काळी कॅमेरा असलाच तर मालकाकडे, आणि मालक फोटो काढायचा तो ओंडक्यांचा.

उरली होती ती पाच वर्षांच्या मुलाची आठवण, आणि आठवणीला टेप लावता येत नाही. पण मास्तरांनी लावला.

कामाला सुरुवात झाली ती घरच्या बेतायच्या टेबलावर. आधी त्यांनी पुठ्ठ्याची एक पट्टी बनवली. एका कडेला खरे फूट, दुसऱ्या कडेला सत्त्याऐंशीपट लहान फूट, कारण क्लबाची गाडी खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीपट लहान होती. पाच फुटांचा माणूस इथे पाऊण इंचाच्याही आत बसत होता. शिंप्याला हे अवघड नव्हतं. अंगापेक्षा लहान कागदावर अंग उतरवणं, हाच तर धंदा.

मग घरातल्या वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. बिस्किटांची खोकी गेली. त्यांच्या भिंती झाल्या. दुकानातून कॉफी ढवळायच्या लाकडी काड्या मूठभर आल्या. ब्लेडने चिरून त्यांच्या फळ्या झाल्या. फळ्यांवर खिळे दिसायला हवेत म्हणून मास्तरांनी कापडावर खुणा करायचं दातेरी चाक काढलं. पट्टी धरून चाक एकदा फिरवलं की एका रेषेत चाळीस खिळे. तयार संचातसुद्धा इतके सरळ खिळे नसतात. जेवणाच्या पार्सलवरची पातळ चंदेरी झाकणं कंगव्यावर दाबली की पन्हळी पत्रे होत. डांबरी छपराला सँडपेपर, दोरखंडाच्या रिळाला शिवणयंत्राची जुनी बॉबिन, कुऱ्हाडींना ब्लाउजचे हूक. जमिनीला वापरलेली चहाची पूड, वाळवून. लाकूड जुनं दिसावं म्हणून शाईचं पाणी, आणि सगळ्यावर बसलेल्या धुळीसाठी कपड्यावर खुणा करायचा खडू, किसून.

"अहो," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काडेपेटीत एकही काडी नाही."

"दोन आहेत."

"त्या जळलेल्या आहेत."

"मग त्याही दे. चिमणीला लागतील."

बायकोने जळक्या काड्या आणून ठेवल्या आणि चष्म्यावरून छावणीकडे पाहिलं. "लग्न झालं तेव्हा मला म्हणाला होतात, एक दिवस तुला घर बांधून देईन. एवढंसं, हे नव्हतं सांगितलं."

भटारखाना झाला. सामानाची कोठी झाली. वडिलांची धार लावायची खोली झाली. तिला मास्तरांनी एका बाजूला लांबच्या लांब खिडकी ठेवली. सगळ्यात शेवटी, सगळ्यात सावकाश, त्यांनी स्वतःचं घर केलं.

घर त्यांना लख्ख आठवत होतं. एवढं रुंद की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळत जाता यायचं. मध्ये चूल. चुलीपाशी आई. खिडकी एक. हे सगळं मावायला किती जागा लागेल याचा हिशेब करून मास्तरांनी घर बारा फूट रुंद केलं, म्हणजे पट्टीवर दीड इंचाहून थोडं जास्त. खाली दगडी चौथरा केला. दगड अंड्याच्या कवचाचे, राखाडी रंगवलेले.

चौथऱ्याबद्दल शंकेला जागाच नव्हती. बत्तीस वर्षांचे असताना ते नव्या बायकोला घेऊन डोंगरावर गेले होते. दोन दिवस हिंडले. रूळ कधीच उखडले गेले होते, आणि नवी झाडं डोक्याच्या वर गेली होती. तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या वळणावर त्यांना शेवाळलेला चौकोनी चौथरा सापडला. त्यावर ते तासभर बसले. बायकोला म्हणाले, हेच. निघताना चौथऱ्याचा एक दगड त्यांनी पिशवीत घातला. त्या गोष्टीला सदतीस वर्षं झाली. दगड तेव्हापासून घरी कपाटावर होता, आणि दर आठवड्याला बायको तो पुसत होती.

त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट होती, पण ती मोजण्यातली नव्हती. एक स्वप्न होतं. लहानपणापासून वर्षातून चार-सहा वेळा पडायचं. ते घरात बसलेत, खिडकीशी, आणि बाहेर झाडं चालतायत. एकामागून एक, शिस्तीत, सावकाश, शाळेला निघालेल्या पोरांसारखी. मागे आई आहे. ती दिसत नाही, पण आहे. स्वप्न एवढंच. ते पडलं की मास्तरांचा दिवस चांगला जायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, मास्तर आज खूश दिसताय.

हे सगळं पाहिलेलं माणूस आता जगात एकच उरलं होतं. ताई.

ताई मास्तरांपेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. छावणीचा विषय निघाला की त्या उठून खिडकी लावायच्या, नाहीतर भाजी निवडायला घ्यायच्या. मास्तर सांगत सुटायचे, आपलं घर, आपला चौथरा, आपला ओढा. आणि ताई "हं" म्हणायच्या. त्या "हं"मध्ये काय आहे हे मास्तरांना कधी कळलं नाही. वडील गेले तेव्हा त्यांनी एकदा सरळ विचारलं होतं, "ताई, तुला काहीच कसं आठवत नाही?" ताई म्हणाल्या होत्या, "तुला आठवतंय ना? मग झालं."

आता ताई लेकीकडे निघाल्या होत्या, कायमच्या. दीड दिवसाचा प्रवास. पंच्याहत्तराव्या वर्षी अशा गावाला गेलेलं माणूस परत येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही बोलत नव्हते. प्रदर्शन शनिवारी होतं. ताईंची गाडी रविवारी सकाळची.

मास्तरांना ताईंकडून एकच हवं होतं. त्यांनी छावणी बघावी आणि म्हणावं: हो, हेच. एवढं एक वाक्य. ते म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि ते न ऐकता ताई गेल्या असत्या तर पाच वर्षांच्या पोराच्या भरवशावर अख्खं आयुष्य काढलं, असं झालं असतं.

प्रदर्शनाच्या आधीच्या रविवारी ताई जेवायला आल्या. हातात कापडी पिशवी होती. ती त्यांनी दाराशीच बायकोच्या हाती दिली.

"आवराआवर चाललीय. एवढं जड तिकडे कुठे नेऊ? आईचा कोट आहे."

"वन्सं, हा तुमच्याकडे होता?" बायकोने विचारलं.

"मग कुठे असणार?"

मास्तरांनी ऐकलं, पण त्यांचं सगळं लक्ष टेबलावर पसरलेल्या चादरीकडे होतं. जेवणं होईपर्यंत त्यांनी कशीबशी कळ काढली. मग ताईंना खुर्ची दिली आणि चादर उचलली.

ताईंनी चष्मा बदलला. वाकून बघितलं.

"ही बाबांची धारेची खोली," ताई म्हणाल्या. "खिडकी उत्तरेला. बरोबर. दाते दिसायला सारखा उजेड लागायचा त्यांना."

मास्तर आणखी जवळ सरकले.

"भटारखाना. अरे वा, धुराडं वाकडं केलंयस! वाकडंच होतं ते." ताईंचं बोट पुढे सरकलं आणि थांबलं. "आणि हे कोणाचं?"

"आपलं."

"आपलं कुठलं रे, छोट्या? एवढं तर मुकादमाचंही नव्हतं."

"ताई, नीट बघ. चूल मध्ये. खिडकी इथे."

"चूल बरोबर. खिडकी बरोबर. पण हे घर आहे का गोदाम? आणि खाली चौथरा कशाला घातलास?"

"होता म्हणून घातला." मास्तरांनी कपाटावरचा दगड आणून टेबलावर ठेवला. "मी स्वतः आणलाय. ओढ्याच्या वळणावर होता. माझ्या डोळ्यांनी बघितलाय."

ताईंनी दगड हातात घेतला नाही. "त्या चौथऱ्याच्या मधोमध लोखंडी नळ होता? तुटका?"

"होता. गंजलेला."

"इंजिनाच्या पाण्याच्या टाकीचा चौथरा तो."

मग बायको म्हणाली, "म्हणजे सदतीस वर्षं मी पाण्याची टाकी पुसतेय."

आधी ताई हसल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, बायकोने पाणी आणलं. मास्तर हसले नाहीत. ते दगडाकडे बघत होते, ऐन लग्नाच्या दिवशी कोट आखूड निघालेल्या गिऱ्हाइकासारखे.

"अरे, चौथरा असता तर घर वाघिणीवर चढलं कसं असतं?" ताई म्हणाल्या.

"कुठल्या वाघिणीवर?"

"मालगाडीच्या. ओंडके न्यायची सपाट वाघीण. तुला हे माहीत नाही?" आता चकित व्हायची पाळी ताईंची होती. "छावणी एका जागी थोडीच असायची? आजूबाजूची झाडं संपली की रूळ पुढे जायचा आणि मागोमाग आम्ही. प्रत्येक घराखाली दोन ओंडके असायचे आडवे. साखळी लावायची, ओंडके उचलायची तीच यारी घर उचलायची आणि वाघिणीवर ठेवायची. भांडीकुंडी आत तशीच. नव्या जागी उतरवलं की संध्याकाळी चूल पेटायची. तू पाच वर्षांचा होईपर्यंत आपलं घर चार ठिकाणी बसलं होतं. तू कुठल्या जागी गेला होतास शोधायला?"

मास्तरांनी दगड टेबलाच्या कडेला सरकवला.

"म्हणून तर सगळी घरं एकाच मापाची. वाघीण सात फुटांची, घर सात फुटांचं. त्याहून बोटभर जास्त झालं तर कड्याला घासेल. आई चुलीपाशी बसली की उठायचीच नाही. या हाताने या भिंतीवरचा डबा काढायची, त्या हाताने त्या भिंतीवरची ताटली. बाबा म्हणायचे, हिने घर अंगात घातलंय."

"मी पळायचो," मास्तर म्हणाले. "या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत."

"पळायचास. तीन पावलं. मग आपटायचास आणि रडायचास."

मास्तरांनी छावणीच्या कडेला हात टेकले. मग एकदम विचारलं, "ताई, घर हलवायचे तेव्हा माणसं कुठे असायची?"

"मागच्या डब्यात. घरात बसायची मनाई होती."

"मग मला खिडकीतून झाडं चालताना कशी दिसतात?"

हे स्वप्न ताईंनी शंभरदा ऐकलं होतं. दर वेळी मास्तर ते स्वप्न म्हणूनच सांगत, आणि ताई "हं" म्हणत. आज त्यांनी "हं" म्हटलं नाही. त्यांनी बाजूला ठेवलेल्या पिशवीतून कोट काढला आणि मांडीवर ठेवून त्याची घडी सारखी करायला लागल्या. ती आधीच सारखी होती.

"ते स्वप्न नाहीये," ताई म्हणाल्या. "ती शेवटची खेप. आईला ताप होता, नववा दिवस. रस्ता नव्हता, डॉक्टर खाली गावात. तिला बसवत नव्हतं, उचलू म्हटलं तर ओरडायची. छावणी तशीही बंद व्हायची होती, घरं खाली न्यायचीच होती. मुकादम म्हणाला, बाईला हात लावू नका, घरच उचला. तिच्या खाटेसकट उचललं. बाबा बाहेर, वाघिणीवर उभे, साखळी धरून. आत आई, तू आणि मी. तू भोकाड पसरलं होतंस. मी तुला खिडकीशी बसवलं आणि म्हटलं, झाडं मोज. तुला वीसपर्यंतच यायचं. वीस झाले की परत एक. चार तास मोजत होतास. गाडी इतकी सावकाश चालवली ड्रायव्हरने, की बाबा उतरून बरोबर चालू शकले असते."

"आणि खाली दवाखान्यात—"

"दवाखान्यापर्यंत पोचली नाही ती. तू मोजत होतास तेव्हाच."

बायको दारात उभी होती, ती तिथेच बसली.

"तू मला बोलली नाहीस कधी," मास्तर म्हणाले.

"काय बोलू? ते स्वप्न सांगताना तुझा चेहरा कसा होतो, मी बघत आलेय. चौसष्ट वर्षं बघत आलेय. माझ्याकडे त्या दिवसाचं जे आहे ते आहे. तुझ्याकडे एवढं चांगलं काहीतरी होतं, त्यात कशाला हात घालू?" ताईंनी कोट टेबलावर ठेवला. "आजही बोलले नसते. पण तू ते वाघिणीवर न मावणारं घर केलंस. ते बघून राहवलं नाही."

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला. दुकान विकलं तरी तो गळ्यातून गेला नव्हता. कोट उलगडला. घोंगडीच्या जाड कापडाचा, बाह्या दोनदा उसवून पुन्हा शिवलेल्या, उजवं कोपर डाव्यापेक्षा जास्त झिजलेलं. दोन्ही बाह्या पसरून त्यांनी एका मनगटापासून दुसऱ्या मनगटापर्यंत मोजलं, दोन्हीकडे हाताच्या पंज्याचं माप मिळवलं. पाच फूट एक इंच. बसल्या जागी थोडं इकडे, थोडं तिकडे वाकलं की सात फुटांच्या दोन्ही भिंती. ताईंना आठवत होतं ते बरोबर होतं.

त्यांनी ब्लेड घेतलं आणि घर चौथऱ्यापासून सुटं करायला सुरुवात केली. डिंक चांगला धरला होता; भिंत फाटली.

"अरे, राहू दे," ताई म्हणाल्या. "छान झालंय. बघणाऱ्यांना काय कळतंय?"

"माप चुकलंय," मास्तर म्हणाले. अठ्ठेचाळीस वर्षांत हे वाक्य त्यांनी गिऱ्हाइकासमोर तीनदा उच्चारलं असेल.

"शनिवारी येशील?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"माझी सकाळची गाडी आहे दुसऱ्या दिवशी. बांधाबांध आहे."

"तासभर."

"बघते," ताई म्हणाल्या. त्यांचं "बघते" म्हणजे नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

पुढचे पाच दिवस मास्तरांनी पाच आठवड्यांत केलं नव्हतं तेवढं काम केलं. नवं घर जेमतेम एक इंच रुंद झालं. शिंप्याची खोड अशी की प्रत्येक कापात शिवणीसाठी थोडं जास्त सोडायचं; पहिल्या दोन भिंती त्यांनी सवयीने तशाच कापल्या आणि वाघिणीवर ठेवून पाहिल्यावर टाकून दिल्या. तिसरी बसली. खाली दोन ओंडके, लाकडी काटक्यांचे. कोपऱ्यांना साखळीच्या कड्या. बायकोने आपली तुटकी गळ्यातली साखळी न मागता पुढे केली. खिडकीला बिस्किटांच्या पुड्याचा पारदर्शक कागद. आत चूल, आणि टाचणीवर मेण चढवून केलेली आई, हात दोन्हीकडे पसरलेले, थोडं वाकलं की भिंतीला लागतील असे. छप्पर बसवल्यावर ती दिसणार नव्हती. मास्तरांनी छप्पर बसवलं.

शुक्रवारी छावणी क्लबाच्या टेबलावर गेली. मधोमध, जिथे घर असायला हवं तिथे, काहीच नव्हतं. चहाच्या पुडीच्या जमिनीत दोन लांब खाचा होत्या, समांतर, ओंडके बसून पडलेल्या. भोवती तुडवलेली वाट दारापर्यंत येत होती, आणि दार नव्हतं.

गार्डसाहेब फेरी मारायला आले. "मास्तर, सगळं फर्स्टक्लास. पण ऐन मधला प्लॉट रिकामा? लोक म्हणतील, क्लबाचे पैसे संपले."

"घर गाडीवर आहे."

"घर. गाडीवर." गार्डसाहेबांनी शिट्टी तोंडातून काढली. "घर गाडीवर नसतं मास्तर. गाडीत माणसं असतात. घर घरी असतं."

"इथे असं असायचं."

"आणि बोगद्याला घासलं तर? तीन आठवडे गेलेत माझे त्या बोगद्यांत."

"चालवून बघा."

गार्डसाहेबांनी इंजिन जोडलं. वाघीण पहिल्या बोगद्यात गेली, आणि सगळे वाकून बघत राहिले. ती बाहेर आली. दोन्ही बाजूंना दोऱ्याएवढी फट होती. दुसरा. तिसरा. गार्डसाहेब गुडघ्यांवरून उठले. "कुठल्या पुस्तकात मिळालं हे माप तुम्हाला?"

"कोटावरून घेतलं," मास्तर म्हणाले.

शनिवारी गर्दी झाली. लोक धबधब्यापाशी थांबत, पुलांचे फोटो काढत. छावणीपाशी एक सुतार बराच वेळ उभा राहून फळ्यांचे खिळे बघून गेला. एका बाईने विचारलं, घर कुठे चाललंय. मास्तर म्हणाले, खाली. दुपारचे तीन वाजले, चार वाजले. दार उघडलं की मास्तर बघत, आणि पुन्हा रुळाकडे वळत. बायको चहा घेऊन आली तेव्हा म्हणाली, "बांधाबांध असते हो." मास्तर "हं" म्हणाले. ते म्हणताना ताईंचा "हं" कुठून येतो ते त्यांना प्रथमच कळलं.

पावणेपाचला ताई आल्या. पायात प्रवासाचे नवे बूट होते. म्हणाल्या, सैल करायला घातलेत. त्या धबधब्यापाशी थांबल्या नाहीत. थेट कोपऱ्यात आल्या आणि चहाच्या पुडीतल्या दोन खाचांकडे बघत उभ्या राहिल्या.

"निघालं वाटतं," ताई म्हणाल्या.

"निघालं," मास्तर म्हणाले, आणि गार्डसाहेबांना खूण केली.

शिट्टी झाली. तिसऱ्या बोगद्यातून इंजिन बाहेर आलं, मागे एकच वाघीण, वाघिणीवर घर. ताई टेबलाच्या कडेला हात धरून सावकाश खाली वाकल्या, इतक्या की त्यांचे डोळे खिडकीच्या उंचीला आले. घर त्यांच्या समोरून गेलं.

"फार जोरात आहे," ताई म्हणाल्या. "हळू चालवा."

गार्डसाहेबांनी बटण मागे घेतलं. घर दुसऱ्यांदा आलं.

"अजून हळू."

"ताई, याहून हळू केली तर बंद पडेल," गार्डसाहेब म्हणाले.

"नाही पडत. तेव्हाही पडली नव्हती."

गार्डसाहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान हलवली. बटण आणखी केसभर मागे गेलं, इंजिनाची घरघर बदलली, आणि गाडी जवळजवळ थांबल्यासारखी होऊन चालत राहिली. मागे उभ्या लोकांची चुळबुळ थांबली. डोंगराच्या उतारावर क्लबाने लावलेली झाडं एकेक करून घराच्या खिडकीसमोरून जाऊ लागली.

मास्तर टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होते. तिथून त्यांना घराचं छप्पर दिसत होतं, आणि छपराच्या पलीकडे ताईंचा चेहरा. त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण मास्तरांना कळत होतं. सतरा. अठरा. एकोणीस. वीस.

वीसवर ताई थांबल्या.

"एक," मास्तर पलीकडून म्हणाले.